किती उरल्या, की कुठे चरतात? पाल्कच्या उपसागरातील डुगाँग संशोधनाचे एक प्रकरण

तमिळनाडू सरकारने 21 सप्टेंबर 2022 रोजी तंजावर आणि पुदुकोट्टई या दोन जिल्ह्यांच्या किनाऱ्यासमोरील सुमारे 448 चौरस किलोमीटर समुद्र डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. केवळ डुगाँगसाठी, म्हणजे समुद्रगायीसाठी, राखलेले हे भारतातील पहिले क्षेत्र होय. त्या घोषणेचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्यामागच्या संशोधनाची चर्चा त्या मानाने कमी झाली, आणि या प्रकरणात शिकण्याजोगे जे काही आहे ते त्या संशोधनातच आहे. कारण ज्या प्राण्याची संख्या कधीच नेमकी मोजता आलेली नाही आणि जो वर्षानुवर्षे त्याच पाण्यात वावरणाऱ्या मच्छीमारालाही क्वचितच दिसतो, त्याच्यासाठी उघड्या समुद्रात हद्द कोठून कोठपर्यंत आखायची, हा प्रश्न तेथे पुराव्यानिशी सोडवावा लागला.

डुगाँग हा सस्तन प्राणी असून पूर्ण वाढलेला प्राणी सुमारे तीन मीटर लांब आणि चारशे किलोपर्यंत वजनाचा असतो. तो सत्तर वर्षांच्या आसपास जगू शकतो. त्याच्या कुळात आज दुसरी कोणतीही प्रजाती शिल्लक नाही. याच कुळातली स्टेलरची समुद्रगाय 1741 मध्ये बेरिंग समुद्रात शास्त्रज्ञांच्या नजरेस पडली आणि 1768 पर्यंत, म्हणजे अवघ्या 27 वर्षांत, शिकारीमुळे नामशेष झाली. भारतात डुगाँग मन्नारचे आखात, पाल्कचा उपसागर, कच्छचे आखात आणि अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणी उरला आहे. देशभरात मिळून 200 ते 250 असा आकडा सर्वत्र दिला जातो. तो अंदाज आहे, शिरगणती नव्हे, हे आधीच नोंदवून ठेवलेले बरे.

या प्राण्याची प्रजननाची गती इतकी मंद आहे की संशोधनाची दिशा तीवरूनच ठरते. मादी वयात यायला सहा ते सतरा वर्षे लागतात, गर्भकाळ वर्षाहून अधिक असतो, आणि एका वेळी एकच पिल्लू होते. दोन पिल्लांमध्ये तीन ते सात वर्षांचे अंतर पडते. सगळे काही अनुकूल असले तरी अशी संख्या वर्षाला पाच टक्क्यांपलीकडे वाढत नाही, असे गणित ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी मांडले आहे. दोनशे प्राण्यांच्या बाबतीत याचा अर्थ वर्षाला फार तर दहाची भर. एखाद्या वर्षी दहा-बारा डुगाँग जाळ्यात गुदमरले तर ती सगळी भर संपते, आणि मेलेल्यांमध्ये प्रौढ माद्या असतील तर नुकसान पुढची कित्येक वर्षे भरून निघत नाही.

जागा

पाल्कचा उपसागर हा तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधला उथळ समुद्र. रामेश्वर बेट आणि रामसेतूची रांग यांमुळे तो दक्षिणेकडील मन्नारच्या आखातापासून वेगळा झाला आहे. त्याची खोली बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपासच भरते. लाटा बेताच्या, तळ वाळूचा आणि गाळाचा, ऊन तळापर्यंत पोहोचण्याजोगे. समुद्रगवताला याहून अधिक काही लागत नाही.

मराठी वाचकाला हा किनारा अगदीच परका वाटू नये. राखीव क्षेत्रासमोरच, तंजावर जिल्ह्यातील सरबेंद्रराजपट्टिनम येथे, ‘मनोरा’ नावाचा आठ मजली बुरूज उभा आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी तो 1814-15 च्या सुमारास, इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ बांधला. शेजारचे सेतुभावाछत्रम हे गावही रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी भोसले घराण्याने उभारलेल्या अन्नछत्रांच्या मालिकेतले. तमिळनाडू सरकारने आंतरराष्ट्रीय डुगाँग संवर्धन केंद्रासाठी याच मनोऱ्याचा परिसर निवडला आहे. हा योगायोगच, पण मला तो नोंदवल्यावाचून राहवले नाही.

पाल्कच्या किनाऱ्यावर डुगाँगला ‘आवुलिया’ किंवा ‘कडल पसू’ म्हणतात आणि जुन्या पिढीतल्या मच्छीमारांना तो पाहून नव्हे तर खाऊन माहीत आहे. त्याचे मांस पूर्वी किनाऱ्यावर सर्रास विकले जाई. मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात 1959 च्या अखेरीस पकडलेली एक जोडी सुमारे दशकभर बंदिस्त ठेवली होती, आणि डुगाँगच्या सवयींविषयी भारतात झालेले सुरुवातीचे निरीक्षण बरेचसे त्या दोन प्राण्यांवरचे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाल्यावर उघड विक्री थांबली. जाळ्यात सापडून होणारे मृत्यू मात्र कायद्याने थांबण्यातले नव्हते.

मोजणी का पुरेना

डुगाँग मोजण्याची प्रस्थापित पद्धत ऑस्ट्रेलियातली आहे. जेम्स कुक विद्यापीठातील हेलेन मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1980 च्या दशकापासून विकसित केली. कमी उंचीवरून विमान ठरलेल्या समांतर रेषांवर उडवायचे, दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यात दिसलेले प्राणी नोंदवायचे, आणि मग दोन दुरुस्त्या करायच्या: पाण्याखाली असल्याने जे दिसूच शकत नव्हते त्यांच्यासाठी एक, आणि दिसण्याजोगे असूनही निरीक्षकाच्या नजरेतून सुटले त्यांच्यासाठी दुसरी. जेथे डुगाँग हजारांनी आहेत तेथे ही पद्धत चांगली चालते. पाल्कमध्ये पाणी गढूळ, प्राणी विखुरलेले आणि इतके थोडे की अख्ख्या उड्डाणात एखाद-दुसराच दिसायचा. मग त्या एका-दोन नोंदींना दुरुस्तीच्या गुणकांनी गुणून आलेल्या आकड्यावर विसंबायचे किती?

अडचण केवळ खर्चाची नाही, संख्याशास्त्राची आहे. समजा, खरी संख्या 200 आहे आणि मोजणीत 40 टक्के इकडेतिकडे होण्याची शक्यता आहे. म्हणजे उत्तर 120 ते 280 यांपैकी काहीही येऊ शकते. आता ही संख्या दरवर्षी पाच टक्क्यांनी घटत असेल तर दहा वर्षांत ती 120 वर येईल, आणि तरीही आपली मोजणी ‘काही फरक पडलेला दिसत नाही’ असेच सांगत राहील. घट सिद्ध होईतो निम्मे प्राणी गेलेले असतील. म्हणून ‘आधी नक्की संख्या कळू द्या, मग उपाय ठरवू’ ही भूमिका ऐकायला शास्त्रीय वाटली तरी विरळ प्राण्यांच्या बाबतीत ती घातकच ठरते, असे माझे मत आहे.

भारतीय वन्यजीव संस्थेने 2016 मध्ये केंद्रीय कॅम्पा निधीतून (वनजमिनीच्या बदल्यात जमा होणाऱ्या भरपाई-वनीकरण निधीतून) तमिळनाडू, गुजरात आणि अंदमान-निकोबारसाठी डुगाँग पुनरुज्जीवन प्रकल्प सुरू केला, तेव्हा या मर्यादेची कल्पना होतीच. त्याआधी 2008 मध्ये भारत डुगाँग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारात सहभागी झाला होता आणि केंद्राने एक कृतिदलही नेमले होते. प्रकल्पात ड्रोनचा वापर झाला, बोटींवरून पाहणीही झाली. परंतु राखीव क्षेत्राची आखणी ज्यावर उभी राहिली तो पाया ‘किती आहेत’ या प्रश्नाच्या उत्तराचा नव्हता. डुगाँग कुठे चरतात आणि कुठे मरतात, या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा होता.

मच्छीमारांची साक्ष

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मच्छीमारांकडेच असते. डुगाँग कराराच्या निमित्ताने अनेक देशांत वापरता येईल अशी प्रमाणित प्रश्नावली तयार झाली होती: शेवटचा डुगाँग कधी पाहिला, कोठे पाहिला, सोबत पिल्लू होते का, कोणत्या जाळ्यात सापडला, जिवंत होता की मेलेला. या पद्धतीचे बळ किती याचे एक उदाहरण चीनमधले आहे. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील 66 मच्छीमार वस्त्यांतील 788 जणांच्या मुलाखती घेऊन केलेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या पाच वर्षांत डुगाँग पाहिल्याचे सांगणारे त्यांत केवळ तीन निघाले, आणि त्या आधारे चीनच्या समुद्रातून हा प्राणी व्यावहारिक अर्थाने संपल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. एकही विमान न उडवता इतके गंभीर विधान करता आले.

अर्थात या साक्षीला दोन बाजूंनी पारखून घ्यावे लागते. तरुण मच्छीमाराच्या आठवणीतली ‘पूर्वीची’ संख्या ही त्याच्या बापाच्या आठवणीतल्या संख्येपेक्षा मुळातच लहान असते. त्यामुळे त्याला घट कमी जाणवते. दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षे कैद आहे. ज्याच्या जाळ्यात चुकून डुगाँग मेला, त्याने ते अधिकाऱ्याला येऊन सांगावे तरी का? तो जाळे कापून धड समुद्रात सोडून देतो किंवा गुपचूप विल्हेवाट लावतो, आणि मृत्यूची नोंद होत नाही. म्हणजे ज्या कायद्याने प्राण्याला सर्वोच्च संरक्षण दिले, त्याच कायद्याच्या धाकाने त्याच्या मृत्यूची माहिती दडपली जात होती.

पाल्कमध्ये यावर काढलेला मार्ग साधा होता. किनाऱ्यावरील गावांतून डुगाँग स्वयंसेवकांचे जाळे उभे करण्यात आले, मच्छीमारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली, आणि जाळ्यात सापडलेला जिवंत डुगाँग सोडून देणाऱ्यांचा वन विभागाकडून रोख बक्षीस देऊन सत्कार होऊ लागला. बक्षिसाची रक्कम फाटलेल्या जाळ्याची भरपाई करण्यापुरती असली तरी तिचा परिणाम मोठा होता, कारण वन विभागाचा माणूस गावात येतो तो गुन्हा नोंदवायलाच, ही समजूत त्यामुळे ढळली. सुटकेचे मोबाइलवर केलेले चित्रण आता संशोधनाचीही नोंद ठरते: ठिकाण, वेळ, प्राण्याचा अंदाजे आकार आणि जाळ्याचा प्रकार अशा चार गोष्टी त्यातून एकाच वेळी मिळतात.

चराऊ कुरणाचा नकाशा

समुद्रगवत हे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, जमिनीखाली आडवे वाढणारे खोड असते, फुले येतात आणि बीही धरते. जगाच्या समुद्रतळाच्या 0.2 टक्क्यांहूनही कमी भागावर ते वाढते, पण समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कर्बापैकी सुमारे दहा टक्के वाटा त्याचा मानला जातो. त्याची दुखरी नस म्हणजे प्रकाश. तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींना पृष्ठभागावरील उजेडाच्या एक टक्क्यावर भागवता येते. समुद्रगवताला सरासरी अकरा टक्के तरी लागतो. म्हणून पाणी थोडेसे गढुळले, ट्रॉलरने, म्हणजे तळावरून जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकेने, तळ ढवळला किंवा कोळंबीच्या तळ्यांतले खतावलेले पाणी सुटून पानांवर शेवाळ चढले, की गवत कोणी न उपटताही मरते.

या गवताची पाहणी करण्याचे काम कष्टाचे आणि कंटाळवाणे आहे. किनाऱ्यापासून समुद्राकडे मोजपट्टीची सरळ रेष टाकतात आणि तिच्यावर ठरावीक अंतराने अर्धा मीटर बाजूची चौकट तळावर ठेवतात. पाणबुड्या त्या चौकटीतला किती टक्के तळ गवताने झाकला आहे, प्रजाती कोणत्या, पानांची उंची किती, पानांवर शेवाळाचा थर आहे का, हे प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहितो. प्रजाती ओळखायच्या त्या पानाच्या टोकावरून. सायमोडोसिया सेरुलॅटाच्या पानाचे टोक करवतीसारखे दातेरी असते. हॅलोड्यूल युनिनर्व्हिसच्या अरुंद पानाला मधोमध एकच ठळक शीर आणि टोकाला तीन दात. सिरिंगोडियमचे पान चपटे नसून शेवईसारखे गोल. आणि हॅलोफिला ओव्हॅलिसची नखाएवढी लंबगोल पाने देठावर जोडीने उभी. गढूळ पाण्यात, प्रवाह ओढत असताना, हॅलोड्यूल आणि कोवळा सायमोडोसिया यांत गल्लत होऊ नये म्हणून पान हातात घेऊन टोक निरखावे लागते.

डुगाँगच्या दृष्टीने सगळे गवत सारखे नाही. त्याला तंतू कमी आणि नत्र व पिष्ट अधिक असलेले खाद्य हवे असते. म्हणून हॅलोफिला आणि हॅलोड्यूल या लहान, मऊ, झटपट वाढणाऱ्या प्रजाती तो मुळासकट उपटून खातो. दिवसाला तीस ते चाळीस किलो गवत त्याला लागते. जाड थोबाडाने वाळू उकरत तो पुढे सरकतो तेव्हा तळावर सुमारे वीतभर रुंद, काही सेंटिमीटर खोल आणि कधी काही मीटर लांब असा नागमोडी चर पडतो. त्या चरात वाळू उघडी पडलेली असते आणि दोन्ही काठांना गवत सरळ कापल्यासारखे उभे राहते. प्रत्यक्ष प्राणी महिनोन्‌महिने दिसला नाही तरी हे चर दिसतात. काही काळाने गवत पुन्हा भरून येऊन ते बुजतात, त्यामुळे ताजा चर म्हणजे अलीकडचीच हजेरी. न दिसणाऱ्या प्राण्याविषयी याहून भरवशाचा पुरावा पाल्कमध्ये दुसरा नव्हता.

मच्छीमारांनी सांगितलेली ठिकाणे, मृत आणि अडकलेल्या प्राण्यांच्या नोंदी, चर आणि गवताचा नकाशा एकमेकांवर ठेवल्यावर पाल्कच्या उत्तर भागातील अदिरामपट्टिनम ते अम्मापट्टिनम हा पट्टा ठळकपणे पुढे आला. राखीव क्षेत्रात सुमारे 12,250 हेक्टर समुद्रगवत असल्याचे राज्य सरकारने नमूद केले आहे. म्हणजे हद्दीतल्या समुद्राचा चौथा हिस्सा तरी कुरणाखाली आहे. ही हद्द प्राण्यामागे धावून नव्हे, कुरण धरून आखलेली आहे.

तसे करणे शहाणपणाचे का, हे ऑस्ट्रेलियातील हर्वी उपसागराने 1992 मध्ये दाखवून दिले. दोन पूर आणि एक चक्रीवादळ लागोपाठ आल्याने तेथील सुमारे 1,000 चौरस किलोमीटर समुद्रगवत गाळाने आणि अंधाराने मेले. पुढच्या महिन्यांत 99 डुगाँगांची कलेवरे सापडली. प्राण्यांना कोणी हातही लावला नव्हता. त्यांचे अन्न गेले होते. पाल्कच्या किनाऱ्यालाही वादळांचे वावडे नाही. 16 नोव्हेंबर 2018 रोजी वेदारण्यमजवळ धडकलेल्या गाजा चक्रीवादळाने तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांची मोठी हानी केली. म्हणून ओमकार फाउंडेशनसारखी स्थानिक संस्था बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोऱ्या ताणून, त्यांवर समुद्रगवताची रोपे बांधून उघड्या पडलेल्या तळावर लावते, ते काम मोलाचे आहे. बांबू आणि काथ्या कालांतराने कुजून जातात, तळावर प्लास्टिक उरत नाही. तरीही लागवड ही असलेले कुरण राखण्याला पर्याय होऊ शकत नाही. हाताने लावलेले क्षेत्र आणि एखादा ट्रॉलर एका रात्रीत खरवडतो ते क्षेत्र यांची बरोबरीच होत नाही.

कायद्याची निवड

राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य न करता ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ हा प्रकार निवडला गेला, हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यातील तिळारी हे याच प्रकारात मोडते. वन्यजीव कायद्याच्या कलम 36-अ नुसार असे क्षेत्र सरकारी मालकीच्या जागेवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय केल्यावरच जाहीर करता येते, आणि तेथील लोकांचे हक्क शाबूत राहतात. शेजारच्या मन्नारच्या आखातात 1986 मध्ये 21 बेटांभोवती सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हापासून तेथे मच्छीमार आणि वन विभाग यांच्यातील कुरबूर पूर्ण मिटलेली नाही. पाल्कमध्ये सप्टेंबर 2021 च्या घोषणेनंतर अधिसूचनेपर्यंत गेलेले वर्ष मुख्यतः नवीन बंधने येणार नाहीत हे गावोगाव पटवून देण्यात गेले असले तर त्यात नवल नाही. ज्यांच्या साक्षीवर नकाशा बेतला, त्यांनाच त्या नकाशातून बाहेर काढले असते तर पुढची माहिती तेथेच आटली असती. ऑक्टोबर 2025 मध्ये अबू धाबीतील आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, जागतिक संवर्धन परिषदेने या क्षेत्राची दखल घेणारा ठराव मंजूर केला, त्यामागेही हीच लोकसहभागाची बाजू आहे.

मात्र कायद्याचा हा साचा जंगल डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला आहे. कलम 36-ब मध्ये व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतींचे आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी, तसेच कृषी आणि पशुसंवर्धन विभागांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी सांगितला आहे. मत्स्यव्यवसाय विभागाचे नाव त्यात नाही. समुद्रातल्या राखीव क्षेत्राच्या समितीवर पशुसंवर्धनवाले कायद्याने बसणार आणि मत्स्यव्यवसायवाल्यांना वेगळे बोलवावे लागणार! ही त्रुटी गमतीची वाटली तरी परिणामी लहान नाही, कारण नौकांची नोंदणी, जाळ्यांच्या आसांचे, म्हणजे विणीतल्या भोकांच्या आकाराचे, नियम आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात ट्रॉलरना असलेली बंदी हे सगळे 1983 च्या तमिळनाडू सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय विभागाच्याच हातात आहे.

संशोधनाचा पुढचा टप्पाही याच दाराशी येऊन थांबतो. डुगाँगला दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यावे लागते. तळाशी लावलेल्या जाळ्यात गुंतला की तो गुदमरून मरतो. पाल्कमध्ये पाकटांसाठी तळाला लावतात ती मोठ्या आसाची ‘तिरुक्कै वलै’ ही जाळी त्याला सर्वाधिक धोक्याची. अशी जाळी किती नौकांकडे आहेत, कोणत्या महिन्यांत, किती खोलीवर आणि किती तास पाण्यात असतात, याची कुरणाच्या नकाशावर घालून केलेली नोंद ही आज दुसऱ्या कोणत्याही मोजणीपेक्षा अधिक उपयोगाची आहे. तीवरून ठरावीक महिन्यांत ठरावीक कुरणांवर ही जाळी न लावण्याचा करार गावाशी करता येईल आणि त्याचा मोबदलाही ठरवता येईल. कुरण अम्मापट्टिनमला संपत नाही. ते दक्षिणेला रामनाथपुरम जिल्ह्यात तोंडी आणि देवीपट्टिनमच्या समोर पसरते, आणि 1974 च्या कराराने ठरलेल्या सागरी सीमेपलीकडे श्रीलंकेच्या पाण्यातही गवत आहे. श्रीलंकेने 2017 मध्ये आपल्या समुद्रात तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर कायद्याने बंदी घातली. भारतीय बाजूची गाव-मुलाखतींची प्रश्नावली तिकडच्या मच्छीमारांसमोर तमिळमध्येच ठेवता येईल, भाषांतराचीही गरज पडणार नाही. दोन्ही किनाऱ्यांवरच्या नोंदी एकाच नकाशावर आणण्याचे काम आता कोणी तरी हाती घ्यायला हवे.